नगरच्या किल्ल्यात युरिपिडीझ

ग्रीक शोकपर्यवसायी नाटकांचे अध्ययन म्हटले की विश्वविद्यालयातील वर्ग, जाडजूड भाष्यग्रंथ आणि ग्रीक व्याकरण मुखोद्गत असलेला एखादा प्राध्यापक डोळ्यांपुढे उभा राहतो. अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, या नाटकांचा विचार झाला तो मात्र निराळ्याच स्थळी. ते स्थळ म्हणजे खंदकाने वेढलेला निजामशाही किल्ला, आणि विचार करणारा मनुष्य होता इंग्रज सरकारचा बंदी.

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना अटक झाली व त्यांना खास आगगाडीने हलविण्यात आले. गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून घेतले आणि कार्यकारिणीच्या सभासदांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. मौलाना आझाद, सरदार पटेल, पंडित नेहरू, आचार्य नरेंद्र देव, गोविंदवल्लभ पंत, महाराष्ट्राचे शंकरराव देव इत्यादी मंडळी तेथे एकत्र होती. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या अवधीत नेहरूंनी तेथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. तो १९४६ साली प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात प्राचीन भारतीय रंगभूमीविषयी काही पाने आहेत. संस्कृत नाटक ग्रीकांपासून आले की काय, ‘यवनिका’ या शब्दावरून काय सिद्ध होते, हा जुना वाद तेथे येतोच. (अथेन्सच्या वैभवकाळी ग्रीक रंगपीठापुढे असा पडदाच नसे, एवढे सांगितले की त्या वादातील पुष्कळसा जोर ओसरतो.) नेहरूंचे मन रमले आहे ते दुसऱ्या प्रश्नात. माणसाला दुःख का भोगावे लागते, जगात अमंगल का आहे, हा ग्रीक शोकनाट्याचा गाभा, असे ते सांगतात. मग आपल्या संस्कृत नाटकांत असे शोकनाट्य का नाही? त्यांचे उत्तर असे की पुनर्जन्म आणि कर्मविपाक यांवर श्रद्धा असलेल्या समाजात कोणतेच दुःख निष्कारण राहत नाही. आज जे घडते ते पूर्वी केलेल्या कर्माचे फळ ठरते, आणि आंधळ्या दैवाला तेथे जागा उरत नाही. परंतु इतक्या सोप्या उत्तराने तत्त्वचिंतकांचे समाधान झाले नाही, हेही ते नमूद करतात.

याच ठिकाणी त्यांनी युरिपिडीझच्या ‘बॅकी’ नाटकातील एक वृंदगीत गिल्बर्ट मरे यांच्या इंग्रजी भाषांतरातून उद्धृत केले आहे. वादळातून सुटून बंदर गाठणारा मनुष्य सुखी, असा त्याचा भाव. दुःखातून शिकत मनुष्याने धडपडीच्या पलीकडे जावे, अशा अर्थाने नेहरूंनी ते घेतले. तुरुंगात बसलेल्या मनुष्याला ते गीत प्रिय व्हावे यात नवल नाही. परंतु मूळ नाटक उघडून पाहिले तर वाचक थबकतो.

युरिपिडीझने हे नाटक वार्धक्यात मॅसिडोनियात लिहिले, आणि इ. स. पूर्व ४०५ च्या सुमारास, त्याच्या मृत्यूनंतर, अथेन्समध्ये त्याचा प्रयोग होऊन त्यास प्रथम पारितोषिक मिळाले. थीब्झचा तरुण राजा पेंथ्यूस डायोनायसस या देवाला मानीत नाही. देव त्याची बुद्धी फिरवितो, त्यास स्त्रीवेष धारण करावयास लावतो व डोंगरावर नेतो. तेथे उन्मादावस्थेतील त्याची जन्मदात्री माता अगावी त्याला सिंह समजून इतर स्त्रियांसह फाडून टाकते, व त्याचे मस्तक मिरवीत नगरात येते. आता ते शांत गीत कोठे येते? राजाला स्त्रीवेष नेसविण्यासाठी देव राजवाड्यात गेला आहे आणि राजा अद्याप बाहेर यावयाचा आहे, नेमक्या त्या क्षणी! गाणाऱ्या स्त्रिया त्याच देवाच्या भक्त, आणि शत्रूवर हात ठेवण्याचे सुख त्या त्याच गीतात आळवीत असतात. बंदर दिसते ते प्रेक्षकाला. राजाची नौका तर फुटण्याच्या बेतात असते. वेचे वाचून ग्रीक नाटक कळत नाही ते याचमुळे. वृंदगीत कोणी, केव्हा म्हटले हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ हाती लागत नाही.

मराठी वाचकाला शोकनाट्याची ओळख झाली ती प्रथम शेक्सपिअरच्या द्वारे. आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ चे, देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० चे. अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी १९५७ साली मराठीत आणले, आणि सोफोक्लीझचा ईडिपस पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ म्हणून उभा केला तो त्याहूनही पुढे. मूळ उगमाकडे मराठी माणूस असा उलट्या वाटेने गेला.

नेहरूंचे प्रमेय सर्वस्वी मान्य करावे काय? त्रावणकोरात गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून भासाची म्हणून जी नाटके छापली, त्यांत ‘ऊरुभंग’ आहे. मांड्या मोडलेला दुर्योधन रंगभूमीवर पडलेला आहे, त्याचा लहानगा पुत्र नित्याप्रमाणे मांडीवर बसू पाहतो आणि पित्याला त्यास आवरावे लागते. या प्रसंगापुढे कर्मविपाकाचे समाधान क्षणभर फिके पडते. तरी अखेरीस दुर्योधनाला न्यावयास विमान येतेच. अगावीसाठी कोणतेही विमान येत नाही.

शिवाय शोकनाट्याचा शोध घेणाऱ्याला त्या किल्ल्याबाहेर जाण्याची गरजच नव्हती. १५९५-९६ च्या वेढ्यात किल्ला राखणारी चांदबिबी १६०० साली तडजोडीची भाषा बोलू लागताच फितुरीच्या संशयाने स्वकीयांकडूनच मारली गेली, आणि थोड्याच दिवसांत किल्ला मोगलांच्या हाती पडला. नेहरूंनी ग्रंथाच्या आरंभी तिचे स्मरण केले आहे.

आणि त्यांच्या शेजारच्याच खोलीत काय घडले होते? १९४३ च्या वसंतात मौलाना आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास अत्यवस्थ झाल्या. सरकारकडे काही मागावयाचे असल्यास तत्काळ पोचवितो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले. मौलानांनी काहीही मागावयाचे नाही असे स्पष्ट सांगितले. ९ एप्रिलला मृत्यूची वार्ता आली. ११ एप्रिलच्या पत्रात, जे पुढे ‘गुबार-ए-खातिर’ मध्ये आले, त्यांनी त्या दिवसांचे वर्णन केले आहे. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या जेलरची चाहूल लागताच काळीज धडधडू लागे, परंतु ते मान वर न करता लिहीत राहत. ही सारी स्थिरता म्हणजे बुद्धीच्या अभिमानाने वठविलेली एक भूमिका होती, असे ते स्वतःच लिहितात.

त्याच पत्राच्या शेवटी एका जुन्या कबरीचा उल्लेख आहे. ती किल्ल्याच्या आवारात होती. कोणाची, ते मौलानांना ठाऊक नव्हते. आल्यापासून शेकडो वेळा दृष्टीस पडलेल्या त्या कबरीविषयी आता त्यांना एक नवीनच जिव्हाळा वाटू लागला होता. आदल्या सायंकाळी ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले, आणि भावाच्या वियोगाने प्रत्येक कबरीपाशी रडणारा मुतम्मिम हा जुना अरबी कवी त्यांना आठवला.