स्वयंपाकघरातलं भिंतीतलं फडताळ : घर नवं करताना ठेवायचं की बुजवायचं?

घर नवं करायचं ठरलं की पहिला हातोडा बहुतेक वेळा स्वयंपाकघरात पडतो. मॉड्युलर किचनचे फोटो मोबाईलवर बघून झालेले असतात, ट्रॉलीवाला माप घेऊन गेलेला असतो. आणि भिंतीत ते असतं, आजीच्या काळचं फडताळ. दोन लाकडी दारं, आत तीन फळ्या, वरच्या फळीवर लोणच्याची बरणी, खालच्या फळीवर रेशन कार्ड आणि गॅसचं पुस्तक.

मिस्त्री म्हणतो, "बुजवून टाकू, वरनं टाईल्स मारू." सासूबाई म्हणतात, "अजिबात नाही." मग आठवडाभर घरात तोच विषय.

सोलापूरजवळच्या होटगी, कुंभारी, वळसंग भागात हा प्रश्न अनेक घरांत येतो, कारण तिथं दोन्ही काळातली घरं शेजारीशेजारी उभी आहेत. गावठाणात दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरं, तर बाहेरच्या बाजूला सिमेंट-विटांची स्लॅबची घरं. फडताळ दोन्हीकडं सापडतं. पण 'ठेवायचं का' याचं उत्तर दोन्हीकडं एकच नाही. ते फडताळ कुठल्या भिंतीत आहे, यावर सगळं अवलंबून आहे. फडताळाचा निर्णय आधी भिंतीचा निर्णय असतो, आणि नेमकं हेच कुणी बघत नाही.

फडताळ म्हणजे नेमकं काय?

भिंत बांधतानाच तिच्यात सोडलेली पोकळी. लहान असेल आणि दिवा, काडेपेटी ठेवण्यापुरती असेल तर देवळी. थोडी मोठी आणि उघडी असेल तर कोनाडा. फळ्या आणि दारं बसवली की फडताळ. धान्यासाठी भिंतीलगत बांधलेलं बळद हा यांचाच मोठा भाऊ, पण त्याचा विषय वेगळा आहे.

जगात इतरत्रही याचे चुलतभाऊ आहेत. अमेरिकेत 1980-90 च्या दशकात बांधलेल्या बऱ्याच घरांत स्वयंपाकघरातच एक छोटं लिहायचं टेबल पक्कं बसवलेलं असायचं. तिथला ओटा साधारण 36 इंच उंच, तर हे टेबल बसून लिहिता यावं म्हणून 30 इंचांच्या आसपास. त्यावर लँडलाईन फोन, बिलं, पाककृतींची वही. फोन खिशात गेला, बिलं मोबाईलवर आली आणि ते टेबल कागदांचा ढीग टाकायची जागा झालं. आता तिथलीही माणसं घर नवं करताना डोकं खाजवतात, हे ठेवायचं की काढून तिथं उंच कपाट करायचं?

आपल्याकडं असं टेबल नव्हतं, पण ते काम होतंच. भिंतीवर कालनिर्णय (1973 पासून तो घरोघरी आहे), त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशोब आणि सिलिंडर लावल्याची तारीख, शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन आणि बाजूच्या फडताळात सगळी कागदं. मराठी स्वयंपाकघराचं ऑफिस म्हणजे हेच. त्यामुळं फडताळ बुजवलं की बरण्या ट्रॉलीत जातात, पण कागदांना नवी जागा कुणी देत नाही. महिनाभरात ती सगळी फ्रीजच्या डोक्यावर जाऊन बसतात.

दगडमातीच्या भिंतीत असेल तर

इथं जरा थांबून वाचा. सौंदर्य, सोय, जागा हे सगळं नंतर.

आपल्या भागातल्या जुन्या भिंती दीड-दोन फुटांपासून तीन-चार फुटांपर्यंत जाड असतात. बाहेरून बघितलं तर अख्खी भिंत एकसंध दगडाची वाटते. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती दोन भिंतींची जोडी असते. आतल्या बाजूला दगडांचा एक थर, बाहेरच्या बाजूला दुसरा, आणि मधे माती आणि दगडांचा चुरा. दोन थरांना बांधून ठेवायला आरपार जाणारे लांब दगड लागतात. भूकंपासाठीच्या भारतीय मानकात असे आरपार दगड उंचीत दर 60 सेंटीमीटरला आणि आडवे जास्तीत जास्त 1.2 मीटर अंतरावर घाला असं सांगितलंय. जुन्या घरांत ते बऱ्याचदा नसतातच.

त्याचा परिणाम काय होतो ते 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दिसलं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. चार वाजायला काही मिनिटं असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत मोडणारा नव्हता. माणसं मारली ती भिंतींनी आणि माळवदांनी. भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, फुगले, कोसळले आणि त्यांच्यावरचं फूट-दोन फूट जाडीचं मातीचं छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. सोलापूर जिल्हा यांपैकी उस्मानाबादच्या जिल्ह्याला लागून आहे आणि आपल्याकडची जुनी घरंही त्याच पद्धतीची आहेत. भूकंपाच्या नकाशात 2002 च्या सुधारणेनंतर सोलापूर तिसऱ्या झोनमध्ये दाखवलं गेलं.

आता फडताळाकडं या. फूटभर खोल फडताळ म्हणजे त्या जागी भिंतीचा आतला थर जवळपास नाहीच. मागं उरतो तो फक्त बाहेरचा थर. भिंत तिथं अर्धी आहे. ती आजवर उभी आहे कारण बांधणाऱ्यानं वर लाकडाचा किंवा दगडाचा आडवा तोडा टाकलाय, किंवा कमान वळवलीय, आणि वरचं वजन दोन्ही बाजूंना उतरवलंय.

म्हणून अशा भिंतीतलं फडताळ आहे तसं ठेवणं हा सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक वेळा शहाणा पर्याय. ते 'थोडं मोठं करणं' हा सगळ्यात वाईट. मायक्रोवेव्ह बसत नाही म्हणून सहा इंच रुंदी वाढवायची, फ्रीज आत ढकलता यावा म्हणून खालपर्यंत खोदायचं, हे प्रकार होतात. त्यात वरच्या तोड्याचा टेकू जातो. आणि ब्रेकर मशीनच्या हादऱ्यानं मातीत बसवलेले दगड सुटायला लागतात, ते वेगळंच.

बुजवायचंच असेल तर नीट बुजवा. नुसतं प्लायवूड ठोकून किंवा वरून टाईल्स मारून आतली पोकळी तशीच ठेवली तर भिंत दुबळीच राहते, वर झुरळांना कायमचं घर मिळतं. दगड किंवा वीट आतल्या जुन्या दगडांत दात धरून बसवायची, आणि शेवटचा थर वरच्या तोड्याखाली पाचर मारून घट्ट करायचा, म्हणजे नवं बांधकाम खरोखर वजन घेईल.

बुजवणंच योग्य ठरेल अशा जागाही आहेत. फडताळ घराच्या कोपऱ्याला चिकटून असेल, किंवा बरोबर वर माळवदाच्या मोठ्या तुळईचं टोक टेकलेलं असेल, तर ते राखण्यात अर्थ नाही. वरचा तोडा वाळवीनं पोखरलेला असेल तर आधी तोडा बदला. पण खाली टेकू लावल्याशिवाय त्याला हात लावू नका. लाकूड ठोकून बघा, भुस्स आवाज आला तर आतून गेलंय.

भेगा बघायला विसरू नका. होटगीच्या आजूबाजूला काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरची भिंत तिच्याबरोबर हलते. फडताळाच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा. शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ द्या. भेग खुणेच्या पुढं गेली तर प्रश्न फडताळाचा नाही, पायाचा आहे. मग किचनवाल्याला नाही, इंजिनिअरला बोलवा.

खर्च करायचाच आहे तर किल्लारीनंतर शिकलेली एक गोष्ट करून घ्या. भिंतीत ठराविक अंतरावर हळूच दगड काढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळी घालून काँक्रीट भरायचं. नसलेल्या आरपार दगडाचं काम ते करतं. ट्रॉल्यांच्या मानानं हा खर्च दिसत नाही, म्हणून कुणी करत नाही. पण जाणकार माणसाच्या देखरेखीखालीच करा.

गिलाव्याची एक गोष्ट

होटगीत सिमेंटचा कारखाना आहे, त्यामुळं सिमेंटबद्दल वाईट बोलायची चोरी. पण मातीत बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा फार टिकत नाही. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत अडकते, काही वर्षांनी पापुद्रे सुटतात आणि फडताळातलं पीठ-पापड दमट होतात. आतून चुन्याचा गिलावा आणि चुन्याचा हात हे जुनं उत्तर अजूनही चांगलं आहे.

विटांच्या आणि स्लॅबच्या घरात

इथं काळजी कमी, पण दोन प्रकार वेगळे ओळखा. कॉलम-बीमच्या घरात स्लॅबचं वजन बीम घेतात, भिंत फक्त आडोसा असते. तिथलं फडताळ काढा, ठेवा, तुमची मर्जी. पण अनेक एकमजली घरांत कॉलम नसतात, स्लॅब थेट नऊ इंची भिंतीवर टेकलेला असतो. त्या भिंतीत फडताळ असेल तर मागं साडेचार इंचच वीट उरलेली असते. तिला आणखी खोदू नका. नळाचा किंवा वायरिंगचा पाईप लपवायला खाच मारतानाही अंदाज ठेवा. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी तर एक-षष्ठांशापेक्षाही नको. नऊ इंची भिंतीत आडवी खाच म्हणजे फक्त दीड इंच! आमचं मत विचाराल तर वायर सरळ भिंतीवरून पट्टीतून न्या.

या घरांतलं फडताळ बहुतेकदा कडप्प्याचं असतं. ते फोडायच्या आधी एकदा हात फिरवून बघा. शहाबाद आणि कडप्पा ही दोन्ही गावं होटगीवरून जाणाऱ्या मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावरच आहेत, आणि त्यांच्या नावाच्या फरश्या आपल्या घरांत ओट्यापासून अंगणापर्यंत पसरल्यात. कडप्प्याला वाळवी लागत नाही, पाण्यानं तो फुगत नाही. त्याच्या जागी येणारा भुशाचा बोर्ड सिंकच्या पाण्यानं फुगतो. कप्पे जुने ठेवून फक्त दारं नवी, ॲल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची, बसवली तर निम्मं काम तिथंच होतं. स्टीलच्या ट्रॉल्याही त्या कप्प्यांच्या मापानं करून मिळतात. फक्त प्रत्येक कप्पा वेगळा मोजा, जुन्या मिस्त्रीचे दोन कप्पे कधीच सारखे नसतात. आणि कडप्पा ही चुनखडीच आहे, तेव्हा टॉयलेटचं ॲसिड घालून चकचकीत करायला जाऊ नका. लिंबू आणि चिंचेचेही डाग पडतात.

ठेवलं तर वापरायचं कसं?

मॉड्युलर किचनमधली वरची कपाटं साधारण फूटभर खोल असतात. जाड भिंतीतलं फडताळही तेवढंच खोल, फरक इतकाच की ते खोलीतली एक इंचही जागा खात नाही. शेंगाचटणी, काळं तिखट, डाळी, पापड, रोजच्या बरण्यांसाठी याहून चांगली जागा नाही. एकामागं एक दोनच ओळी राहतात, त्यामुळं मागं हरवलेली बरणी वर्षानं सापडायचा प्रकार होत नाही.

एक कप्पा कागदांसाठी ठेवा. मुलांना अभ्यासाला किंवा हिशोबाला टेबल हवं असेल तर फडताळाच्या खालच्या कडेला बिजागरीनं उघडणारी फळी लावता येते, जमिनीपासून 29-30 इंचांवर. गुडघ्याला जागा मिळते आणि काम झालं की फळी बंद. मात्र बिजागरी लाकडी चौकटीला मारा. मातीच्या सांध्यात स्क्रू धरत नाही, भार पडला की निघून येतो.

गॅसचं सिलिंडर मात्र बंद फडताळात ठेवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली साठतो. बंद कप्प्यात तो साठत राहील आणि वासही उशिरा येईल. सिलिंडरची जागा मोकळी हवी, आणि दार लावायचंच असेल तर जमिनीलगत जाळी हवीच.

ट्रॉलीवाला पुन्हा माप घ्यायला येईल, त्याआधी फडताळ रिकामं करा, दारं उघडा आणि टॉर्च घेऊन आतला वरचा तोडा, मागची भिंत आणि चारही कोपरे बघा. पाच मिनिटांचं काम आहे.