मुद्रक, प्रकाशक आणि ‘मध्यस्थ’

वृत्तपत्राच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात छापलेली मुद्रक-प्रकाशकाच्या नावाची ओळ आपण वाङ्मयाचे अभ्यासक सहसा वाचत नाही. २०२४ पर्यंत अमलात असलेल्या १८६७ च्या कायद्याने ती सक्तीची होती. छापलेल्या शब्दाला कोणी धनी हवा, हे तिचे मर्म. १८९७ साली ‘केसरी’तील मजकुरावरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला, तेव्हा टिळकांसोबत मुद्रक केशव महादेव बाळ हेही आरोपी होते. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. बाळ निर्दोष सुटले. सत्तेने हे तत्त्व लेखणी दडपण्यासाठी वापरले हे खरेच. परंतु लिहिणारा, छापणारा आणि प्रसिद्ध करणारा अशी तीन माणसे त्या कायद्याला दिसत होती.

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने या तिघांशेजारी एक नवे पात्र आणले : ‘मध्यस्थ’. शब्द मोठा मासलेवाईक आहे. आपल्याकडे सोयरीक फसली की पहिला बोल मध्यस्थालाच लागतो. कायद्यातला मध्यस्थ मात्र बोलापासून मुक्त! २००४ मध्ये बाझी डॉट कॉमवर कोणी एक अश्लील चित्रफीत विक्रीला मांडली आणि कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. त्यानंतर २००८ च्या दुरुस्तीने कलम ७९ चे कवच अधिक जाड केले. पुढे २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयाच्या वा शासनाच्या आदेशाखेरीज मजकूर काढण्याचे बंधन मध्यस्थावर नाही, असा अर्थ लावला. या खटल्यामागे २०१२ मधील पालघरच्या दोन तरुणींची अटक होती. कोणाच्याही तक्रारीवरून कंपन्यांनी मजकूर पुसत सुटावे, हे आम्हांसही मान्य नाही.

पण राईनपाड्याचे काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती. पिढ्यानपिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणाऱ्या समाजाची माणसे एका रविवारी ‘अनोळखी’ ठरली. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाचा आदेश लागला नाही. अफवेच्या वेगाचा लगाम कंपनीच्याच हाती होता, एवढे त्यावरून सिद्ध होते.

म्हणून कलम ७९ एखाद्या संहितेसारखे पुन्हा वाचावे. मध्यस्थाने संदेश सुरू केलेला नसावा, प्राप्तकर्ता निवडलेला नसावा, मजकूर निवडलेला वा बदललेला नसावा, अशा त्यातील अटी आहेत. फेसबुक वा यूट्यूबवर कोणापुढे काय यावे, हे तर कंपनीची गणितेच ठरवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र त्याही पुढे जाऊन वाक्यच रचते. लेखक मेला, हे रोलां बार्थचे सूत्र आम्ही वर्गात हौसेने शिकवतो. मुद्रकही मेला, असे काही बार्थने म्हटले नव्हते. यंत्राने रचलेले वाक्य एखाद्याची बदनामी करणारे निघाले, तर ‘हा दुसऱ्याचा मजकूर’ असे कंपनीने कोणत्या तोंडाने म्हणावे? प्रश्न विचारणाऱ्याने ते लिहिलेले नसते, आणि तिसरा तर तेथे कोणी नसतोच.