अपराध एकाचा, बिऱ्हाड सर्वांचें

घरांतील एकावर चोरीचा आळ यावा आणि सबंध कुटुंबाचें बिऱ्हाड उठावें, ही रीत आपल्याकडे नवी नाहीं. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें तर आळाचीहि वाट पाहिली नाहीं. सरकारनें जमात गुन्हेगार ठरविली, कीं तींत जन्मलेल्याचें नांव नोंदवहींत चढवितां येई. 1911 नंतर तो मुंबई इलाख्यांत लागू झाला आणि सोलापुरास तारांच्या कुंपणाआड बायकामुलांसह कुटुंबें वसविण्यांत आलीं. 31 ऑगस्ट 1952 रोजीं कायदा गेला. लोकांच्या संशयांतून तो अजून गेलेला नाहीं, हें बुलढाणा जिल्ह्यांतील फासेपारध्यांस सांगावयास नको.

भाड्याच्या घरांचा कायदा इतका निष्ठुर नव्हता. बुलढाणा तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडांत असल्यामुळें तेथील 1949 चा घरभाडे-नियंत्रण आदेश या जिल्ह्यास लागू झाला, आणि जिल्हा महाराष्ट्रांत आल्यावरहि तोच चालू राहिला. भाडेकरूस नोटीस देण्यापूर्वीं मालकास नियंत्रकाची लेखी परवानगी काढावी लागे. 31 मार्च 2000 पासून सर्व राज्यास एकच कायदा आला. त्याच्या 16 व्या कलमांतील एक पोटकलम बारकाईनें वाचण्यासारखें आहे. भाडेकरू किंवा त्याच्याजवळ राहणारा कोणी शेजाऱ्यांस उपद्रव देईल, अथवा त्या जागेचा बेकायदा उपयोग केल्याबद्दल दोषी ठरेल, तर मालकास जागा परत मागतां येते. म्हणजे बेकायदा उपयोगाचा नुसता आरोप पुरत नाहीं. न्यायालयानें दोषी ठरविलें पाहिजे, आणि अपराधहि त्या जागेशीं जडलेला पाहिजे. मुलानें खामगांवच्या बाजारांत खिसा कापला, एवढ्यावर चिखलीस राहणाऱ्या आईचें घर जाऊं शकत नाहीं. पण 'उपद्रव' हा शब्द मोठा सैल! त्यास शिक्षेची अट नाहीं. शेजाऱ्यांची साक्ष न्यायाधीशास पटली, कीं काम झालें. त्रास देतो मुलगा, घर सोडते म्हातारी.

13 नोव्हेंबर 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आरोपींचीं घरें पाडण्याच्या प्रकरणांत, एकावरील आरोपासाठीं कुटुंबाचें छप्पर काढून घेणें ही सर्वांनाच शिक्षा होय, असें सांगितलें. निकाल देणाऱ्या खंडपीठावर वऱ्हाडचेच, अमरावतीचे, न्यायमूर्ति भूषण गवई होते. परंतु तो निकाल सरकारी हातोड्यापुरता. घरमालकास तो आडवा येत नाहीं. अन् घर अकरा महिन्यांच्या परवाना-करारानें दिलें असेल, तर मालकास उपद्रवहि सिद्ध करावा लागत नाहीं. पोलीस एकदां दाराशीं येऊन गेले, एवढी बातमी त्यास पुरते. मुदत संपते, आणि कारण न सांगतां तो किल्ली मागतो.