कातड्याची आतली बाजू

मराठीत कातडे ‘कमावले’ जाते. पैसा, नाव आणि शरीर यांसाठी आपण जे क्रियापद वापरतो, तेच क्रियापद कुजू पाहणाऱ्या कच्च्या कातड्याचे टिकाऊ चामडे करण्याच्या कष्टाच्या प्रक्रियेसाठीही भाषेने राखून ठेवले आहे. भाषेने या श्रमाला दिलेला मान समाजाने मात्र श्रमिकाला दिला नाही. कातडे कमावणारा ढोर आणि त्याचे जोडे शिवणारा चांभार, दोघेही शतकानुशतके गावाबाहेर ठेवले गेले. पादत्राणांच्या इतिहासाकडे पाहताना हा विरोधाभास आम्हांला सतत आठवत राहतो. आणि ज्या पादत्राणाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याच्या संदर्भात तर तो अधिकच अर्थपूर्ण ठरतो. कारण हा बूट कातडे उलटे करून शिवलेला आहे.

कातड्याला दोन बाजू असतात. केसांकडील बाजू घट्ट, गुळगुळीत आणि चकाकी घेणारी. मांसाकडील बाजू तंतुमय आणि खरखरीत. सामान्यतः पहिली बाजू जगाला दाखविली जाते आणि दुसरी पायाकडे वळविली जाते. हा क्रम उलटा करून, केसांकडील पापुद्रा तसाच ठेवून, खरखरीत बाजू बाहेर आणली की त्या चामड्याला इंग्रजीत ‘रफआउट’ म्हणतात. मऊ लव असलेले ‘स्वेड’ हे त्याचे नाजूक भावंड. त्यातही मांसाकडील पृष्ठभागच दिसतो. पण तो घासून मखमली केलेला असतो आणि पुष्कळदा केसांकडील पापुद्रा वेगळा काढलेला असतो. ‘स्वेड’ हा शब्दही मोठा बोलका आहे. फ्रेंचमध्ये अशा चामड्याच्या हातमोज्यांना ‘स्वीडनचे हातमोजे’ म्हणत. पुढे हातमोजे मागे पडले आणि देशाचे नाव चामड्याला चिकटले. मोजे शिवणारे हात अर्थातच त्या नावात कोठेही नाहीत.

खरखरीत बाजू बाहेर काढण्यामागे व्यावहारिक कारणे होती. चरबी किंवा मेण ही बाजू सहज शोषून घेते, तिच्यावरचे ओरखडे उठून दिसत नाहीत, आणि पाण्याला अडविणारा घट्ट पापुद्रा आत सुरक्षित राहतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील चिखलात अमेरिकन सैनिकांचे गुळगुळीत बूट टिकेनात, तेव्हा १९१७ साली खंदकांसाठी उलट्या चामड्याचा जाड बूट आला. दुसऱ्या महायुद्धात मरीन सैनिकांचे घोट्यापर्यंतचे बूट आणि १९४३ चे दोन बकलांचे लष्करी बूट याच पद्धतीचे होते. युद्ध संपले आणि लष्कर पुन्हा गुळगुळीत, पॉलिश घेणाऱ्या चामड्याकडे वळले. पॉलिश ही केवळ निगा नसते. ती कवायतीच्या मैदानावरची शिस्त असते, वरिष्ठांच्या नजरेसाठी केलेली तयारी असते. खरखरीत चामडे चमकण्यास नकार देते. लढाई असते तेव्हा ते चालते, पाहणी असते तेव्हा ते नकोसे होते. २००५ च्या सुमारास अमेरिकन भूदलाने नव्या गणवेशाबरोबर पॉलिश न लागणारे मातकट रंगाचे बूट स्वीकारले, त्या वेळी देश पुन्हा प्रत्यक्ष युद्धात गुंतलेला होता, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

या चामड्याला नागरी जगात प्रतिष्ठा मिळाली ती मात्र वेगळ्या वाटेने. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या स्ट्रीट या गावी १८२५ साली क्लार्क बंधूंनी चामड्याचा व्यवसाय सुरू केला. हे घराणे शांततावादी क्वेकर पंथाचे. त्याच घराण्यातील नेथन क्लार्क दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या रसद विभागात दाखल झाला आणि १९४१ साली ब्रह्मदेशात पोहोचला. तेथे आठव्या सेनेच्या काही अधिकाऱ्यांच्या पायांत त्याने क्रेप रबराच्या तळव्याचे, खरखरीत स्वेडचे साधे बूट पाहिले. ते कैरोच्या खान अल-खलिली बाजारात शिवून घेतलेले होते. नेथनने आराखडे काढून घरी पाठविले. घरच्या मंडळींना हा बूट विकला जाईल असे वाटेना. अखेर १९४९ च्या शिकागो येथील पादत्राण प्रदर्शनात त्याच्याकडे लक्ष वेधले गेले, १९५० साली तो ‘डेझर्ट बूट’ म्हणून बाजारात आला आणि पुढे युरोपातील तरुणांपासून जमैकातील गायकांपर्यंत अनेकांच्या ओळखीचा भाग बनला.

ही झाली कथेची गुळगुळीत बाजू. तिच्यात एक द्रष्टा तरुण आहे, त्याला न समजणारे घर आहे आणि शेवटी मिळालेले यश आहे. नेथन क्लार्कचे डोळस कुतूहल आम्ही नाकारीत नाही. परंतु कथा उलटी करून पाहिली की दुसरेच तंतू हाताला लागतात. कैरोतील त्या बुटांचे मूळ दक्षिण आफ्रिकेतील ‘फेलस्कून’ या पादत्राणात सांगितले जाते. आफ्रिकान्स भाषेत ‘फेल’ म्हणजे कातडे. म्हणजे नुसता ‘कातडी जोडा’. इंग्रजांच्या तोंडी त्यातील कातडे जाऊन ‘फेल्ट’, म्हणजे माळरान, आले आणि श्रमाचा वास असलेला शब्द निसर्गरम्य झाला. १६५२ नंतर केपमध्ये वसलेल्या डचांनी हे पादत्राण स्थानिक खोईखोई लोकांच्या जोड्यांवरून घेतले, असे मानले जाते. म्हणजे खोईखोई पशुपालक, डच शेतकरी, कैरोचे कारागीर आणि ब्रिटिश अधिकारी अशी ही साखळी आहे. तिच्यातील एकाच दुव्याला व्यक्तिनाम मिळाले, आणि तो दुवा बूट शिवणाऱ्याचा नव्हता. बूट पाहणाऱ्याचा होता.

साहित्याच्या अभ्यासकांना हे अपरिचित वाटू नये. लोकगीताचा संग्राहक छापील पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येतो आणि जात्यावर बसलेली बाई ‘अनामिक’ ठरते, त्यातलाच हा प्रकार. प्रश्न केवळ श्रेयाचा नाही. कोणाच्या कृतीला ‘निर्मिती’ म्हणावयाचे आणि कोणाच्या कृतीला ‘परंपरा’ म्हणून बिननावी ठेवावयाचे, हा आहे.

हा प्रश्न आपल्या दाराशीही येऊन गेला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. तरीही जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला नामोल्लेखाविना सादर केल्या, आणि इकडून आक्षेप घेतला गेल्यावर भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. खान अल-खलिलीच्या कारागिरांच्या वतीने आक्षेप घेणारे तेव्हा कोणी नव्हते. कोल्हापूरच्या कारागिरांच्या वतीने होते. एवढा फरक पाऊण शतकात पडला, याची नोंद घेतली पाहिजे. मात्र तो आक्षेप घेताना ‘आपली’ कोल्हापुरी असे म्हणणाऱ्या आपण सर्वांनी, ती कमावणाऱ्याला आपण किती काळ ‘आपला’ म्हटले नाही, हेही त्याच वेळी आठवावयास हवे होते. तो आठव आमच्याही लिहिण्याबोलण्यात पुरेसा नव्हता, हे येथे मान्य करणे आम्हांला आवश्यक वाटते.