एक सांग्रिया, दोन दालने

परदेशात शिकणाऱ्या एका मैत्रिणीने परवा एक छायाचित्र पाठवले. तिच्या शहरात नवे स्पॅनिश रेस्टॉरंट उघडले आहे. टेबलावर सात-आठ छोट्या बश्या, मधोमध सांग्रियाने भरलेला काचेचा जग, त्यात तरंगणाऱ्या संत्र्याच्या चकत्या आणि एकाच बशीकडे एकाच वेळी निघालेले पाच हात. सोबत मेनूकार्डाचेही छायाचित्र होते. ही तेराव्या शतकापासून चालत आलेली राजमान्य परंपरा आहे, असे त्यावर छापले होते. तिचा प्रश्न साधा होता: हे खरे आहे का?

उत्तर लांबले, म्हणून हा धागा.

आधी राजांच्या गोष्टी उरकून टाकू. पहिली कास्तीलच्या दहाव्या आल्फोन्सोची (राज्यकाळ १२५२ ते १२८४). आजारपणात वैद्यांनी त्याला थोडी थोडी वाइन आणि तिच्यासोबत दोन घास घ्यायला सांगितले. बरा झाल्यावर त्याने फर्मान काढले की यापुढे कोणत्याही गुत्त्यात खाण्याशिवाय वाइन देऊ नये. दुसरी गोष्ट विसाव्या शतकातील तेराव्या आल्फोन्सोची. कादिसच्या किनाऱ्यावर वारा सुटला, तेव्हा प्याल्यात वाळू पडू नये म्हणून वाढप्याने त्यावर हॅमचा काप ठेवला आणि राजाला ती कल्पना भारी आवडली. दोन्ही कथा सुरस आहेत, पण इतिहास म्हणून कोणीही त्यांच्यावर भार टाकू नये. नक्की एवढेच की स्पॅनिशमध्ये ‘तापार’ म्हणजे झाकणे आणि ‘तापा’ म्हणजे झाकण. खाण्याच्या अर्थाने हा शब्द स्पॅनिश अकादमीच्या कोशात पोहोचला तो १९३० च्या दशकात, आणि तोही दक्षिणेकडील अँडलुशियाचा प्रांतिक शब्द म्हणून. म्हणजे शब्दाचे वय फार तर आपल्या पणजोबांएवढे.

आणखी एक गंमत अशी की छायाचित्रातले ते पाच हात हीदेखील बहुतांशी परदेशातली रीत आहे. स्पेनमध्ये तापा हे जेवण नव्हे. बारच्या फळीशी उभे राहून एक प्याला, एक घास, दोन गप्पा, की चालले पुढच्या बारकडे. ग्रानादा शहरात आजही पेयाबरोबर तापा फुकट मिळतो. सर्वांनी मिळून खाण्याच्या मोठ्या बशीला तिथे ‘रासिओन’ असे निराळे नाव आहे. टेबलाभोवती बसून, बश्या फिरवत, तापासचेच पोटभर जेवण करणे ही स्थलांतरित रेस्टॉरंटांनी घडवलेली पद्धत आहे. त्यात वाईट काही नाही. परक्या मुलखात माणसे एका बशीभोवती जमली तर चांगलेच.

त्या बश्यांपैकी एकीत तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे होते, ‘पातातास ब्राव्हास’. बटाटा आणि मिरची या दोन्ही गोष्टी कोलंबसानंतर अमेरिकेतून युरोपात आल्या. स्पॅनिश ‘पाताता’ आणि आपला मराठी ‘बटाटा’ हे सख्खे भाऊ आहेत. दोघांचे मूळ कॅरिबियन बेटांवरच्या ‘बाताता’ या शब्दात, जो तिथे रताळ्याचे नाव होता. आपल्याकडे तो पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरला. तेव्हा तेरावे शतक इथेही बाद.

आता सांग्रिया. ‘सांग्रे’ म्हणजे रक्त. नाव रंगावरून पडले असे सामान्यतः मानले जाते. लाल वाइन, फळे, साखर, कधी थोडी ब्रँडी. अठराव्या शतकात कॅरिबियन बेटांतील इंग्रज मसाला घातलेली गोड वाइन ‘सँगरी’ या नावाने पीत असत. पेय जुने, पण त्याची जगप्रसिद्धी अगदी अलीकडची. आणि ती मिळाली कशी, हे सांगण्यासाठी दोन दालनांची गोष्ट सांगावी लागेल.

पहिले दालन पॅरिसचे, १९३७ सालच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातले. स्पेनमध्ये तेव्हा यादवी युद्ध पेटले होते. जनरल फ्रँकोच्या बंडाशी झुंजणाऱ्या प्रजासत्ताकाने, खजिना आटत असतानाही, हे दालन उभारले. त्याच्या वास्तुकारांपैकी एक होता जोसेप लुईस सेर्त. २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन विमानांनी गेर्निका हे बास्क गाव बेचिराख केले. पिकासोने त्या दालनासाठी काढलेले प्रचंड चित्र त्याच गावाच्या नावाचे: ‘गेर्निका’. प्रजासत्ताकाकडे जगाला दाखवायला तेव्हा एवढेच होते, स्वतःची जखम.

१९३९ मध्ये प्रजासत्ताक हरले. पाठोपाठ आली ती उपासमारीची वर्षे. स्पेनमध्ये शिधापत्रिका १९५२ पर्यंत चालू होत्या. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आपल्या सदस्यांना माद्रिदमधून राजदूत परत बोलावण्याची शिफारस केली. फ्रँको जगात एकटा पडला. मग शीतयुद्धाने त्याला हात दिला. १९५३ मध्ये अमेरिकेला लष्करी तळ देण्याचा करार झाला आणि १९५५ मध्ये स्पेन संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला. राजवटीला आता दोन गोष्टी हव्या होत्या, परकीय चलन आणि हसरा चेहरा. दोन्ही जबाबदाऱ्या १९६२ पासून एकाच माणसाकडे होत्या. मानुएल फ्रागा इरिबार्ने हा माहिती आणि पर्यटन खात्याचा मंत्री होता. खात्याचे हे नाव पुन्हा एकदा वाचावे. वृत्तपत्रांवरची सेन्सॉरशिप आणि समुद्रकिनाऱ्यांची जाहिरात एकाच छताखाली!

२० एप्रिल १९६३ रोजी कम्युनिस्ट नेता हुलियान ग्रिमाऊ याला यादवी युद्धातील कथित गुन्ह्यांसाठी गोळ्या घालण्यात आल्या. युद्ध संपून २४ वर्षे झाली होती. युरोपभर निदर्शने झाली; फ्रागाने त्या शिक्षेचे समर्थन केले. त्यानंतर एक वर्ष आणि दोन दिवसांनी, २२ एप्रिल १९६४ रोजी, न्यूयॉर्कचा जागतिक मेळा उघडला आणि त्यात स्पेनचे दुसरे दालन.

हाविएर कार्वाहालने रचलेली ही वास्तू देखणी होती. बाहेर साध्या भिंती, आत मंद उजेड, लाकडी ठोकळ्यांचे छत. गोयाच्या दोन्ही ‘माहा’, वस्त्रे ल्यालेली आणि विवस्त्र, प्रादो संग्रहालयातून खास आणल्या होत्या. आंतोनियो गादेसचे फ्लामेंको नृत्य होते. तोलेदो आणि ग्रानादा नावाची दोन रेस्टॉरंटे होती, शिवाय सागरी खाद्यांचा बार. आणि होती बर्फ घातलेली सांग्रिया. दोन हंगामांत त्या मेळ्याला ५ कोटींहून अधिक लोकांनी भेट दिली. न्यूयॉर्कमध्ये स्पॅनिश माणसे त्याआधीही होती. १४व्या रस्त्यावरची त्यांची परस्पर साहाय्य संस्था १८६८ सालची. पण सर्वसामान्य अमेरिकन माणसाच्या घरगुती पार्टीत सांग्रियाचा जग शिरला तो या मेळ्यानंतर. त्याच वर्षी मायदेशी फ्रागाचे खाते ‘शांततेची २५ वर्षे’ हा उत्सव साजरा करत होते.

पेयाला दोष देण्यात अर्थ नाही. पण पुढचा तपशील मला विसरता येत नाही. १९६४ मध्ये ‘गेर्निका’ न्यूयॉर्कमध्येच होते, मॅनहॅटनच्या आधुनिक कला संग्रहालयात. स्पेनमध्ये सार्वजनिक स्वातंत्र्य परत येईपर्यंत ते तिकडे जाऊ नये, अशी पिकासोची अट होती. सेर्तही अमेरिकेत होता; निर्वासित होऊन आलेला हा वास्तुकार आता हार्वर्डमध्ये वास्तुरचना शाळेचा अधिष्ठाता होता. पहिल्या दालनाचा आत्मा आणि दुसऱ्या दालनाचा पाहुणचार एकाच शहरात, भुयारी रेल्वेच्या एका फेरीच्या अंतरावर. सकाळी चित्र पाहून दुपारी सांग्रिया पिणारे किती तरी जण असतील.

हिशेबाच्या दृष्टीने राजवटीचा डाव साधला. १९६० मध्ये सुमारे ६० लाख परदेशी पाहुणे स्पेनला गेले होते. १९७३ मध्ये ३ कोटी ४० लाखांच्या आसपास. किनाऱ्यावरच्या बारमध्ये ते जे मागत, तेच तिथे ‘स्पॅनिश पेय’ ठरत गेले. स्थानिक माणूस उन्हाळ्यात बहुधा ‘तिंतो दे व्हेरानो’ पितो, म्हणजे लाल वाइन आणि लिंबू-सोडा, फळांचा पसारा नाही.

तापास परदेशी रुजले ते फ्रँकोच्या मृत्यूनंतर (१९७५). पेनेलोपे कासास यांचे तापासवरचे इंग्रजी पुस्तक १९८५ मध्ये आले, आणि १९९३ मध्ये होसे आंद्रेस यांच्या हातून वॉशिंग्टनमध्ये ‘हालेओ’ सुरू झाले. ‘गेर्निका’ १९८१ मध्ये माद्रिदला पोहोचले. सांग्रिया मात्र अमेरिकेतच मुरली. २०१४ च्या युरोपीय नियमानुसार केवळ ‘सांग्रिया’ या नावाने विकायची असेल, तर ती स्पेनमध्ये किंवा पोर्तुगालमध्येच तयार झालेली असावी लागते.

मैत्रिणीला मी कळवले की मेनूकार्डावरचे तेरावे शतक खोडून तिथे १९६४ लिहायला हरकत नाही. आणि त्या बटाट्यांची आणखी एक बशी मागव, आपलेच नातेवाईक आहेत.