तीन वर्षांची मुदत

एका राष्ट्रात अनेक भाषा बोलणारे लोक एकत्र नांदत असतील, तर त्या सर्वांनी एकच भाषा बोलावी अशी अपेक्षा धरणे न्याय्य आहे काय? हा प्रश्न निघाला की बहुधा भावनेला पूर येतो आणि विचार त्यात वाहून जातो. आम्हां गोमंतकीयांस तरी याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. हा प्रयोग आपल्याच भूमीवर एकदा होऊन गेला आहे. त्याचा कर्ता, त्याची तारीख आणि त्याचे फलित ही सर्व नमूद आहेत. वकिली भाषेत सांगावयाचे तर पुरावा दप्तरी दाखल आहे. तो वाचण्याचे कष्ट तेवढे आपण घ्यावयाचे आहेत.

गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल १५१० साली बसला. त्या शतकात देवालये कशी मोडली गेली हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु देवळे मोडणारी ती सत्तादेखील भाषेच्या बाबतीत आरंभी वेगळ्या मार्गाने चालली होती. उपदेश करावयाचा तर लोकांची वाणी आधी आपण शिकली पाहिजे, असे धर्मप्रसारकांचे धोरण होते. स्थानिक भाषा न जाणणाऱ्या पाद्र्याच्या हाती गावचा धर्माधिकार देऊ नये, असे १६०६ च्या धर्मपरिषदेने ठरविले. जन्माने इंग्रज असलेल्या फादर स्टीफन्सने १६१६ साली मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ छापविले. त्याने रचलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या पश्चात १६४० साली राचोल येथे प्रसिद्ध झाले. हेतू काहीही असो, भाषा शिकण्याचे कष्ट त्या काळी सत्ताधाऱ्याच्या माथी होते, प्रजेच्या माथी नव्हते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

पुढे वारे फिरले. १६८३ च्या अखेरीस फोंड्याच्या वेढ्यात व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट याला संभाजी महाराजांपुढे माघार घ्यावी लागली आणि खुद्द गोवे शहरच संकटात सापडले. त्याच व्हाइसरॉयने २७ जून १६८४ रोजी एक फर्मान काढले. प्रजेने आपली भाषा सोडून द्यावी, सर्वांनी पोर्तुगीज बोलावी आणि यासाठी तीन वर्षांची मुदत असावी, असा त्याचा आशय होता. धर्माची शिकवण नीट समजावी व परस्परांतील व्यवहार सुकर व्हावा, अशी कारणे त्यात पुढे केलेली होती. एकभाषेचा आग्रह धरणारे आजही थोड्याफार फरकाने हीच कारणे सांगतात.

तीन वर्षे सरली. घरोघर जात्यावर, शेतात, बाजारात कोंकणीच बोलली जात होती. सत्तेचाळीस वर्षांनी, १७३१ साली, येथील इन्क्विझिटर आपल्या राजाकडे गाऱ्हाणे करीत होता की, या कायद्याचे पालन कोणी करीत नाही. १७४५ साली आर्चबिशपने आणखी पुढचे पाऊल टाकले; ज्यांना पोर्तुगीज बोलता येत नाही अशांचे विवाह लावू नयेत, असा हुकूम त्याने काढला. ज्या कायद्याला आपल्या पालनासाठी वधूवरांच्या बोहल्यापर्यंत जावे लागते, तो कायदा आधीच हरलेला असतो, असे आम्हांस वाटते. १९६१ साली साडेचारशे वर्षांची राजवट संपली, तेव्हाही पोर्तुगीज ही मूठभर सुशिक्षितांचीच भाषा होती. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे ६६ टक्के लोकांनी आपली मातृभाषा कोंकणी म्हणून नोंदविली आहे.

याच्या उलट चित्र त्या काळी नदीपलीकडे दिसत होते. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. अंत्रुज महालात या देवतांच्या सभामंडपात पुराण आणि कीर्तन मराठीत होई. आणि तेच ऐकून घरी परतलेली मंडळी चुलीपाशी कोंकणीत बोलत. एकीने दुसरीला हुसकून लावावे असे कोणी म्हटले नाही, कारण तसे फर्मान काढणारा तेथे कोणी नव्हता. भाषांमध्ये वैर स्वभावतः नसते. ते बहुधा हुकमाने उत्पन्न होते.

तथापि १६८४ चे फर्मान केवळ निष्फळ ठरले असे म्हणून चालणार नाही. त्याने भाषा मेली नाही, पण तिची प्रतिष्ठा गेली. शिकल्या-सवरलेल्यांस आपल्या आईच्या बोलीची लाज वाटू लागली. ती केवळ नोकराचाकरांशी बोलण्याची भाषा मानली गेली. गंमत अशी की, तिच्या बाजूने पहिले मोठे वकीलपत्र एका पोर्तुगिजाने घेतले. गोव्याच्या सरकारचा मुख्य सचिव कुन्य रिव्हार याने १८५८ साली कोंकणीच्या इतिहासावर निबंध लिहून, आपल्याच पूर्वजांच्या धोरणाने या भाषेची कशी हानी झाली हे उघडपणे मांडले.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. राष्ट्राला व्यवहाराची एखादी सामाईक भाषा लागते, हे कोण नाकारील? दोन प्रांतांच्या पक्षकारांना न्याय देणारे न्यायालय निकालपत्र कोणत्या तरी एका भाषेतच लिहिणार. आपल्या घटनासमितीपुढे हा पेच होताच. १४ सप्टेंबर १९४९ रोजी तिने हिंदीला संघराज्याची राजभाषा ठरविले. ‘राष्ट्रभाषा’ हा शब्द मात्र घटनेत घातला नाही. त्याच घटनेच्या एकोणतिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक समूहास आपली भाषा जतन करण्याचा हक्क दिला, आणि १९५६ साली आलेल्या अनुच्छेद ३५०-अ ने अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे राज्यांस सांगितले. यातील मर्म एवढेच की, ‘ही भाषा शीक’ असे सांगणे निराळे आणि ‘तुझी भाषा टाक’ असे सांगणे निराळे. पहिली मागणी सोयीची असते. तीत देवघेव होऊ शकते. दुसरी मागणी मात्र माणसाच्या घरात घुसते.

फौजदारी न्यायाचा जुना नियम असा की, आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत भर न्यायालयात सांगितली पाहिजे. २०२३ च्या नव्या संहितेनेही तो कायम ठेवला आहे. येथे भाषेचे ओझे राज्याने उचलले आहे. उलट आपल्या देवस्थानांचे पाहा. त्यांचा कारभार आजही १९३३ च्या ज्या नियमावलीने चालतो, ती मुळात पोर्तुगीजमध्ये लिहिलेली आहे. आपल्याच देवळाचा आपला हक्क काय, हे कळण्यासाठी महाजनाला दुभाषी शोधावा लागावा, यापेक्षा परकेपणाचा बोलका पुरावा कोणता?

परंतु दुसऱ्याला दोष देणे सोपे आहे. काही वर्षांपूर्वी एका देवस्थानच्या सभेस आम्ही सल्लागार म्हणून उपस्थित होतो. सूचनाफलक मराठीत असावा की कोंकणीत, यावर तास-दीड तास कडाक्याचा वाद झाला. एक भाषा राहिली तर दुसरी गेलीच पाहिजे, असेच दोन्ही पक्ष धरून चालले होते. शेवटी एक वृद्ध महाजन उठून म्हणाले, “देवान केन्ना तरी विचारलां, तूं खंयचे भाशेन गाराणें घालता म्हूण?” सभा हसली आणि फलक दोन्ही भाषांत लागला.

बेळगावच्या मराठी माणसाने सरकारी कागद आपल्या भाषेत मागावा, हे आम्हांस न्याय्य वाटते. मग गोव्यात मजुरीसाठी आलेल्या कन्नड बाईने दवाखान्यातील चिठ्ठी कोणी वाचून समजावून द्यावी अशी विनंती केली, तर तिच्यावर खेकसण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला? जी फुटपट्टी आपण आपल्यासाठी वापरतो, तीच दुसऱ्यासाठी वापरली पाहिजे. न्यायाचा एवढा तरी अर्थ आहे.

म्हणून आमचे मत असे की, राष्ट्राने नागरिकाकडून एका सामाईक भाषेची ओळख मागावी, ती शिकण्याची साधने त्याला द्यावीत आणि तो शिकेपर्यंत दुभाषी आपण पुरवावा. याहून अधिक मागू नये. कोणीही कोणाला आपली भाषा सोडण्यासाठी मुदत घालून देऊ लागला, की आल्व्होरच्या काउंटाची तीन वर्षे आठवावीत. ती सरून आता तीन शतकांहून अधिक काळ लोटला आहे, आणि मंगेशीच्या पायरीवर अजून कोंकणी बोलली जाते.