'किल': एका आज्ञेचा इतिहास

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील 'परम रुद्र' महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. अशा यंत्रांवर गणन करणाऱ्या विद्यार्थ्याला, अडून बसलेली प्रक्रिया थांबविण्यासाठी, आजही पन्नाशी ओलांडलेल्या एका आज्ञेकडेच वळावे लागते. ती आज्ञा म्हणजे 'किल'.

१९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ केला. एकच यंत्र अनेकजण वाटून घेत; त्यामुळे एकाची बेभान प्रक्रिया सर्वांचा वेळ खाई. तिला आवरण्यासाठी ही आज्ञा आली. नाव मात्र फसवे आहे. 'किल' प्रत्यक्षात केवळ एक संकेत पाठविते, आणि प्रत्येक संकेताला क्रमांक असतो. क्रमांक १ चा अर्थ 'फोन ठेवला'. दूरचे टर्मिनल तेव्हा दूरध्वनीच्या तारेने जोडलेले असे; तार तुटली की प्रोग्रामला तशी वर्दी जाई. ती तार केव्हाच गेली, क्रमांक राहिला.

खरा भेद १५ आणि ९ यांत आहे. १५ ही विनंती होय: प्रोग्रामने ती ऐकण्याची सोय केली असेल, तर फाइली मिटून, गणनाची अवस्था नोंदवून तो निरोप घेऊ शकतो. ९ प्रोग्रामच्या कानी पडतच नाही. कर्नल त्याला परस्पर संपवितो. आठवडाभर चाललेल्या रेण्वीय गतिकीच्या गणनावर उतावीळपणे ९ चालविला, तर शेवटची नोंद अर्धवट राहून मागचे सारे श्रम वाया जाऊ शकतात. नवख्यांना आधी ९ शिकविण्याची आपल्याकडील रीत मला म्हणूनच घातक वाटते.

आरंभीचे संकेत बेभरवशाचेही होते. एक संकेत हाताळताच प्रोग्रामची तजवीज रद्द होई. ती पुन्हा लावण्याआधी दुसरा संकेत आला, तर प्रोग्राम कोसळे. बर्कले विद्यापीठाच्या युनिक्सने १९८३ मध्ये हा दोष दूर केला, आणि १९८८ च्या पॉझिक्स मानकाने विश्वासार्ह संकेतांना सर्वमान्य रूप दिले.

तरीही डिस्कच्या किंवा नेटवर्कवरील साठ्याच्या उत्तरासाठी कर्नलमध्ये खोळंबलेली प्रक्रिया ९ लाही दाद देत नसे. २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२५ आवृत्तीत अशा काही प्रतीक्षा मारक संकेताने मोडता येऊ लागल्या, सर्व नव्हे. 'झाँबी' प्रक्रियेची गोष्ट निराळीच. ती आधीच मेलेली असते, यादीत उरते ती फक्त तिची नोंद. ती पुसण्याचे काम जनक प्रक्रियेचे, 'किल'चे नव्हे.